सोबतीची अट

डॉ. समीना मुजावर यांनी समतोल या नव्या औषधाचं तोंडभरून कौतुक केलं आणि मी उठायच्या बेतात असताना हळूच म्हणाल्या, "एक अट आहे, मावशी. जेवताना कोणीतरी सोबत पाहिजे."

"कोण?"

"कोणीही चालेल. घरातलं माणूस."

"घरात माणूस म्हणजे मीच," मी म्हटलं. "एक पाल आहे. चालेल का?"

त्या हसल्या नाहीत. तालुक्याला दवाखाना चालवणाऱ्या तरुण डॉक्टरणीला म्हाताऱ्या बायकांचे विनोद दिवसभर ऐकावे लागत असणार. त्यांनी माझ्या डोळ्यांचे फोटो पुन्हा पडद्यावर आणले. मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या फुटत होत्या. उजव्या डोळ्याने मला आता फक्त उजेड आणि हालचाल कळायची. डावा त्याच वाटेला लागला होता. तो गेला की मला कासारवाडी धरणावरची माझी खोली सोडून कुठल्यातरी आश्रमात जावं लागणार, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. मी शर्मिला तायशेटे, धरणावरची निवृत्त बिनतारी ऑपरेटर. लग्न केलं नाही, कोणाच्या अध्यातमध्यात नाही. तिथून हलायचं नाही एवढीच माझी इच्छा होती.

बाकीच्या गोळ्या करून झाल्या होत्या. एक पोटाला मानवली नाही. दुसरीने साखर लघवीवाटे जायची, पण सारखा जंतुसंसर्ग व्हायचा. तिसरी दिवसभर स्वादुपिंडाच्या मागे हात धुऊन लागायची. त्यामुळे जेवणाआधी साखर पडायची आणि जेवणानंतर उसळायची ती उसळायचीच. माझे डोळे खात होती ती हीच उसळी.

समतोलची कल्पना साधी होती. निरोगी माणसाचं शरीर जेवण पोटात पडेपर्यंत थांबत नाही. फोडणीचा वास आला, ताट मांडल्याचा आवाज झाला की मेंदू पोटाला निरोप धाडतो, आणि पहिला घास तोंडात जाण्याआधीच स्वादुपिंड थोडं इन्शुलिन सोडून तयारीत बसतं. मधुमेहात ही पहिली तयारीच बंद पडते. पाहुणे दारात येतात आणि घरात चूल थंड असते, तसा सगळा गोंधळ मग जेवणानंतर होतो. समतोलची कॅप्सूल आठवड्यातून एकदा गिळायची. पोटात ती चांदणीसारखी उघडायची, म्हणजे खाली आतड्यात घसरायची नाही. मेंदूकडून पोटाला येणारा निरोप तिला ऐकू यायचा आणि त्या क्षणी ती स्वादुपिंडाला जागं करणारं औषध कणभर सोडायची. एरवी गप्प.

शिवाय ती शिकायची. प्रत्येकाचं शरीर जेवणाचा अंदाज वेगळ्या खुणांवरून बांधतं. कोणाचं वासावरून, कोणाचं घड्याळावरून. पहिल्या काही आठवड्यांत कॅप्सूल त्या माणसाच्या खुणा ओळखू लागायची आणि नवी कॅप्सूल जुनीचं शिक्षण पुढे चालवायची.

"आणि निरोप गेला, औषध सुटलं, पण जेवण आलंच नाही तर?" मी विचारलं. चाळीस वर्षं निरोप पोचवण्याचीच नोकरी केली होती, तेव्हा हा प्रश्न मला सुचणारच.

"तर साखर पडेल. म्हणूनच तर अट आहे. साखर पडली की डोकं आधी जातं. माणूस घामाघूम होतो, चिडतो, हट्ट करतो, मला काही झालेलं नाही म्हणतो. समोर दुसरं कोणी असेल तर त्याला कळतं. पहिले तीन महिने दुपारच्या मुख्य जेवणाला सोबत असल्याशिवाय मी हे औषध लिहून देऊ शकत नाही."

मी डाव्या डोळ्याने त्यांच्याकडे पाहिलं. त्याही पुसट दिसत होत्या.

धरणाची दारं आता पुण्यातल्या एका खोलीतून उघडतात. पाण्याची पातळी यंत्र मोजतं, दुसरं यंत्र दार उचलतं, मधे माणसाचं काम उरलेलं नाही. त्यामुळे आमची वसाहत ओस पडली. रांगेच्या रांगा बंद, खिडक्यांतून घाणेरीची झुडपं आत शिरलेली. वरच्या रांगेत मी आणि खालच्या रांगेत हिंदुराव साळोखे, एवढी दोनच घरं चालू. हिंदुराव दारं चालवायचे. सगळी नोकरीभर मी यंत्रावरून त्यांना पातळी सांगायची आणि ते दार उचलायचे. त्यांचा चेहरा मी नीट पाहिला तो निवृत्तीनंतरच, आवाज मात्र पाठ होता.

मी खाली गेले तेव्हा ते ओट्यावर बसून खुर्चीची फाटकी पट्टी विणत होते.

"हिंदुराव, रोज दुपारी माझ्याकडे जेवायला याल का?"

त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं. "काय झालं मॅडम? कोन गेलं का?"

मी सगळं समजावून सांगितलं. 

"म्हंजी मी जेवायचं आन तुमच्याकडं बघायचं."

"हो."

"आन तुमी चक्कर यून पडला तर?"

"गूळ द्यायचा."

"आन न्हाई पडला तर?"

"तर जेवून घरी जायचं."

"हे काम जमंल मला," ते म्हणाले. "पर एक सांगतो, जेवताना मला बोलायला लागतंय. मंडळी गेल्यापास्नं भिंतीशी बोलून बोलून भिंत पन कटाळली."

डॉक्टरांनी पडद्यावरून त्यांची शिकवणी घेतली. माझ्या मनगटावर साखर मोजणारा, ती फारच पडली की केकाटणारा पट्टा आला आणि जेवणाच्या टेबलावर एक काळी डबी. बोलताना माझी जीभ जड झाली तर या दोघांना ऐकू यावं, म्हणून दोन्हींना कान होते. हिंदुरावांनी साखर पडल्याच्या खुणा पाठ केल्या. त्यातली चिडचिडीची खूण त्यांच्या फार लक्षात राहिली आणि तिथेच घोटाळा झाला, कारण मी मुळातच चिडकी आहे. भाजीत मीठ जास्त आहे असं ते म्हणाले आणि माझा आवाज चढला की लगेच गुळाचा खडा पुढे यायचा. पहिल्या आठवड्यात मी साखर पडल्याशिवायच इतका गूळ खाल्ला की डॉक्टरांनी फोन करून विचारलं, मावशी, घरात कार्य आहे का?

हिंदुराव कधी वेळेवर आले नाहीत. निघालोच म्हणायचे आणि निघायचेही, पण वाटेत शेळ्यांवाला भेटायचा, झाडावर मधाचं पोळं दिसायचं, बंद घराचं पडलेलं फाटक उचलून टेकवून ठेवावंसं वाटायचं. शेवटी माझ्या फाटकाशी यायचे आणि मोठ्याने खाकरायचे. बाईमाणसाच्या घरात शिरताना पुरुषाने बाहेर खाकरावं, अशी आईने लावलेली शिस्त. दार उघडं, ताटं मांडलेली, येणार हे ठरलेलं, तरी खाकरल्याशिवाय पाऊल आत पडायचं नाही.

आणि मी थांबायची. हे लिहायलाही मला लाज वाटते. आमच्या आईने जन्मभर सगळ्यांची जेवणं होईपर्यंत वाट पाहिली आणि गार भात खाल्ला. ते बघूनच मी लहानपणी ठरवलं होतं की आपण कोणासाठी थांबायचं नाही. यंत्रासमोर, कानाला हेडफोन लावून, एका हाताने डबा खात मी नोकरी केली. भूक लागली की जेवले. आता मात्र ताटावर ताट झाकून मी फाटकाकडे बघत बसायची. पाहुण्याच्या आधी जेवू नये ही रीत आहे, असं मी स्वतःला सांगायची. हिंदुरावांना पाहुणा म्हणणं फारसं पटत नव्हतं, पण दुसरं कारण मला सांगता येत नव्हतं.

औषधाने कमाल केली. जेवणानंतरची उसळी पहिल्या महिन्यातच बसली. दोन महिन्यांनी डोळे तपासले तेव्हा नवा रक्तस्राव कुठेच नव्हता. मला लांबच्या टेकडीवरचे विजेचे खांब परत दिसू लागले. त्या दिवशी मी हिंदुरावांसाठी शेवयांची खीर केली आणि स्वतः चमचाभर चाखली. ते दोन वाट्या खाऊन म्हणाले, "तुमच्या डोळ्यांमुळं माझी शुगर वाढणार आता."

साखर पडायला लागली ती त्यानंतर. आधी थोडी. ते उशिरा यायचे, मी वाट बघत असायची, हात थरथरायचे, घाम यायचा. ते आले की मी भांडायची आणि ते न बोलता गूळ पुढे करायचे. आता त्यांचा अंदाज चुकत नव्हता. मग एकदा जेवण झाल्यावर निघताना ते फाटकाशी खाकरून कोणाशी तरी बोलले आणि मला आत खोलीत पुन्हा थरथर सुटली. आपण आजारी आहोत, आजाऱ्याचं होतं असं कधी कधी, म्हणून मी सोडून दिलं.

मग ती पहाट आली. हिंदुराव रोज पहाटे धरणाच्या भिंतीवर फिरायला जायचे, जाताना-येताना माझ्या खिडकीखालच्या रस्त्याने. मी झोपेत होते. मला आठवतं ते इतकंच की कोणीतरी माझं तोंड उघडून हिरड्यांना गूळ चोळतंय आणि मी त्या माणसाला लाथा मारतेय. पट्टा केकाटला होता, त्यांनी तो ऐकला आणि मागचं दार खांद्याने तोडलं. मी शुद्धीवर आले तेव्हा ते जमिनीवर बसून रडत होते.

"म्या तितनं चाललो व्हतो म्हनून," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "चाललो नसतो तर?"

डॉक्टरांनी मला दुसऱ्या दिवशी बोलावून घेतलं. दार बंद केलं. पडद्यावर दोन रेघा होत्या. वरची माझ्या मेंदूकडून पोटाला जाणाऱ्या निरोपाची, खालची पट्ट्याने आणि डबीने ऐकलेल्या आवाजांची.

"मावशी, सुरुवातीला निरोप फोडणीच्या वासाला जायचा. हे बघा. मग ताटांच्या आवाजाला. आणि आता," त्यांनी खालच्या रेघेवर बोट ठेवलं, "इथे काका खाकरतात. की लगेच वरची रेघ उसळते. वास नाही, ताट नाही. जेवण झालेलं असतानासुद्धा. काल पहाटे ते फिरायला जाताना खिडकीखालून खाकरत गेले. तुम्ही झोपेत होतात, पण शरीराने ऐकलं, कॅप्सूलने औषध सोडलं, आणि पोट रिकामं होतं."

मी वाकून त्या दोन रेघा जवळून पाहिल्या.

"घंटा वाजवली की कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं, तो प्रयोग शाळेत शिकला असाल ना? तसंच. आधी आवाज, मग जेवण, हा क्रम रोज घडला की शरीर तो पाठ करतं."

"म्हणजे मी कुत्रं," मी म्हटलं.

त्या गोऱ्यामोऱ्या झाल्या. "तसं नाही, मावशी. पण कॅप्सूलच्या चाचण्यांमध्ये असं कधी दिसलं नव्हतं. त्यात लोक आपल्या कुटुंबात जेवत होते. रोजचीच माणसं. त्यांच्या येण्याकडे शरीर इतकं कान लावून बसत नाही."

मी खिडकीबाहेर पाहत राहिले. चाळीस वर्षं मी कोणाला काही वाटू दिलं नाही, स्वतःलासुद्धा नाही, आणि पोटातल्या एका चांदणीने ते रेघ काढून दाखवलं होतं. मला त्या यंत्राचा राग आला. मग माझा मलाच आला.

"त्यांच्याआधी जेवले तर?"

"दुपारचं ठीक. पहाटेचं काय? ते दिवसभर तुमच्या कानाच्या टप्प्यात असतात. वसाहतीत दुसरा आवाजच नाही." त्यांनी माझा हात धरला. "दोनच वाटा आहेत. समतोल बंद करायचं, म्हणजे डोळा जाणार. नाहीतर शरीराला हा आवाज विसरायला लावायचा. त्याला महिना दीड महिना लागतो आणि तेवढे दिवस ते जवळपास नसले पाहिजेत. तीन महिने झालेच आहेत. यापुढे सोबतीची अट मी काढू शकते. त्यांना कारण समजावून सांगा, ते समजून घेतील."

कारण समजावून सांगा! तुमचा आवाज ऐकला की माझ्या अंगात काय होतं, हे मी हिंदुरावांना समजावून सांगायचं होतं. मी पुरात, अंधारात, छप्पर उडालेल्या खोलीत बसून निरोप दिलेले आहेत. हा एक मला देता येईना.

दुपारी ते आले, खाकरले. मी आधीच गुळाचा खडा तोंडात धरून बसले होते.

"हिंदुराव, डॉक्टर म्हणतात आता सोबत लागत नाही."

ते उभेच राहिले. "बरी झाला म्हना की."

"हो."

"मग उद्यापास्नं?"

"आजपासूनच."

ताटं दोन मांडलेली होती. त्यांनी ताटांकडे पाहिलं आणि बरं म्हणून गेले. फाटक मात्र त्यांनी नीट लावलं. त्यांचा मुलगा वर्षभर त्यांना पुण्याला बोलावत होता. आठवडाही झाला नाही तोच तो गाडी घेऊन आला. जाताना हिंदुरावांनी खालूनच हात केला. मी खिडकीतून हात केला.

विसरायचं काम दुसऱ्या दिवशी सुरू झालं. या काळात कॅप्सूल औषध सोडणार नव्हती, फक्त निरोप मोजणार होती. साखर सांभाळायला जुनीच गोळी होती. डबीने साठवलेलं हिंदुरावांचं खाकरणं डॉक्टरांनी वेगळं काढून दिलं होतं. दुपारच्या जेवणाला अवकाश असताना मी टेबलाशी बसायचं, डबीचं बटण दाबायचं, तो आवाज ऐकायचा आणि काही खायचं नाही. पुन्हा ऐकायचा, पुन्हा काही नाही. आवाज येतो आणि मागून जेवण येत नाही, हे शरीराला पटेपर्यंत.

पहिल्या दिवशी आवाज आला आणि माझी मान आपोआप फाटकाकडे वळली. फाटक बंद होतं. फोनवर दिसणारी रेघ डोंगरासारखी वर गेली. चार-पाच दिवसांनी ती जराशी उतरली, त्या दुपारी मला भयंकर एकटं वाटलं. दुसऱ्या दिवशी आवाज वाजल्यावर मी पटकन भाकरीचा तुकडा तोंडात टाकला. त्याच्या पुढच्या दिवशीही. रेघ पुन्हा वर चढली आणि मला बरं वाटलं, कोणीतरी घरात आहे असं वाटलं.

डॉक्टर पडद्यावर आल्या. "मावशी, रेघ खाली येत नाहीये. आवाजानंतर काही खाता का?"

"खाते."

त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी नुसता डाव्या डोळ्याचा, आदल्याच दिवशी दवाखान्यात काढलेला फोटो पुढे केला. कडेला एक लाल ठिपका होता. जुन्या गोळीला उसळी आवरत नव्हती. "हे थांबलेलं परत सुरू झालंय," त्या म्हणाल्या. "मी तुम्हाला काय सांगू? तुम्हाला कळतं."

मला कळत होतं. भाकरीचा डबा मी आत नेऊन ठेवला. त्यानंतर रोज त्या टेबलाशी हात मांडीवर ठेवून बसले आणि तो आवाज मागे काही न येता संपू दिला. रेघ रोज थोडी बसत गेली. मान वळायची थांबली. मग एक दिवस असा आला की आवाज वाजून गेला आणि मी उद्याच्या भाजीचा विचार करत होते. रेघ सरळ होती. मी बटण पुन्हा दाबलं. सरळच. मी तिथेच बसून ढसाढसा रडले. माणूस गेल्यावर रडतात तसं.

"अभिनंदन!" डॉक्टर मनापासून म्हणाल्या. "उद्यापासून समतोल परत सुरू, आणि आता एकटीने. तुम्हाला कोणाचीच गरज नाही, मावशी."

"ते परत आले तर?"

त्यांचं हसू कमी झालं. "शिकलेलं पुसलं जात नाही, नुसतं झाकलं जातं. आधी आवाज, मग घास, असं पुन्हा घडू लागलं तर दुसऱ्यांदा शरीर फार लवकर शिकेल. आणि तुमच्या डोळ्यात आता पुन्हा हे सगळं करण्याइतका अवकाश नाही."

"आणि आधी घास, मग आवाज?"

"मग काही होत नाही. जेवण आलेलंच असतं, शरीराला अंदाज बांधायची गरज नसते. का?"

"सहज," मी म्हटलं.

समतोल परत सुरू झाल्यावर एका दुपारी मी स्वतःपुरतं वाढून घेतलं, पहिला घास चावून गिळला आणि मग हिंदुरावांना फोन लावला.

"हालो, मॅडम? तब्येत बरी हाय न्हवं?"

पट्ट्याकडे पाहिलं. काही झालं नव्हतं. मग मी यंत्रावरून पातळी सांगायची तसं सगळं क्रमाने सांगितलं. फोडणीचा वास, ताटांचा आवाज, त्यांचं खाकरणं, ती पहाट, डॉक्टरांच्या पडद्यावरच्या रेघा. काही वगळलं नाही. 

"म्हंजी मी खाकरलो की तुमची शुगर पडायची."

"हो."

"मला वाटलं, जेवताना लई बोलतो म्हनून काडलं मला."

"नाही हो, हिंदुराव."

"हितं मानसं चांगली हायेत," ते म्हणाले. "सून ताट झाकून ठिवती. पर ज्येचं त्येच्या येळंला जेवत्यात सगळी. मला दुपारी भूकच लागंना झालीया. मुलगा म्हनतो डाक्टरला दावू. मी म्हनलं, काय दावायचं त्येला?"

माझ्या वाट बघण्याची रेघ निघाली, ती बसवायला डॉक्टर होत्या, डबी होती, दीड महिना होता. त्यांच्या पोटात कोणी चांदणी ठेवली नव्हती. तेही तिकडे वाटच बघत असतील हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"मला तुमची आठवण येते," मी म्हटलं. "शरीराला आता येत नाही. मला येते."

"मग मी येऊ का परत? फाटक उगडायला कोन हाय तितं."

"नको." आवाज घट्ट ठेवणं मला जड गेलं. "तुम्ही आलात की मी परत थांबायला लागेन. स्वतःला ओळखते मी. आणि आता डोळा टिकायचा नाही."

 त्यांच्या मागे कुठेतरी लहान मुलांचा आणि टीव्हीचा आवाज येत होता. मग दार लावल्यासारखं झालं आणि ते आवाज थांबले.

"मग आत्ता माजा आवाज ऐकताय त्येचं काय? कायतरी खाऊन फोन लावला का?"

"पहिला घास खाऊन."

"का?"

मी डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. आधी घास आणि मग आवाज, अशाने काही होत नाही.

"मग आसंच करू," ते म्हणाले. "तुमी रोज घास खायाचा, मग फोन लावायचा. मी उचलतो. पर आपला भरवसा नको त्या डाक्टरीनबाईच्या बोलन्यावर. मी बोलत न्हाई. खाकरत पन न्हाई. नुसता ऱ्हातो. तुमी जेवा. मी बी माजं ताट आनतो हितं."

"न बोलता बसणं तुम्हाला जमणार आहे?"

त्यावर उत्तर आलं नाही. ते सुरू झालेलं होतं हे मला क्षणभराने कळलं.

मी फोन पाण्याच्या भांड्याला टेकवून उभा केला. तिकडून काहीच ऐकू येत नव्हतं, श्वाससुद्धा नाही. फोन तोंडापासून लांब धरला असणार त्यांनी. लाईन तुटली की काय म्हणून मी वाकून पाहिलं. पडद्यावर वेळेचे बारीक आकडे पुढे सरकत होते आणि डाव्या डोळ्याला ते नीट वाचता येत होते. मी आमटी भातावर ओतली, कालवली आणि दुसरा घास घेतला.